बैठकीची जादू : पहिल्या प्रयोगाची पूर्वतयारी

लावणीमध्ये ज्याप्रमाणे फडाची आणि बैठकीची असे दोन प्रकार मानले जातात, त्याप्रमाणे जादूच्या कलेतही दोन भिन्न पद्धती आहेत. पहिली रंगमंचावरील जादू. तिला पडदे, दिवे, पेट्या, साहाय्यक आणि वाद्यवृंद लागतो आणि प्रेक्षक दूर अंधारात बसलेले असतात. दुसरी जादू हाताच्या अंतरावर, एखाद्या मेजाभोवती, सतरंजीवर अथवा ओसरीवर दाखविली जाते. रुपयाचे नाणे, आगकाडी, रुमाल, दोरा, तीन वाट्या एवढीच तिची सामग्री. इंग्रजीतून आलेल्या शब्दाने हल्ली तिला ‘क्लोज-अप’ असे म्हणतात. मराठीत तिला बैठकीची जादू म्हणणे अधिक सोयीचे होईल.

पहिल्या पद्धतीचा मराठी माणसास चांगला परिचय आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर यांनी तिला महाराष्ट्रात आणि परदेशांतही लोकप्रियता मिळवून दिली आणि त्यांच्या पुढील दोन पिढ्यांनी ती परंपरा चालविली. बैठकीच्या जादूकडे मात्र शिक्षितांचे लक्ष त्या मानाने कमी गेले. वास्तविक शाळा, ग्रामवाचनालय, स्नेहसंमेलन, विज्ञान मंडळ या ठिकाणी तीच अधिक उपयोगाची आहे. तिला खर्च जवळजवळ नाही आणि तिच्या निमित्ताने मुलास चारचौघांत उभे राहून बोलण्याचा सराव होतो. तथापि पहिलाच प्रयोग फसला, मुले हसली, की करणारा पुन्हा म्हणून नाण्यास हात लावीत नाही, असेही वारंवार घडते. असा प्रयोग बहुधा हात मंद असल्यामुळे फसत नाही. तो कशामुळे फसतो आणि तो टाळण्यासाठी काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

कलेचे मूळ रस्त्यावर

ही कला आपल्याकडे नवी नाही. ‘गारुडी’ हा शब्दच तिचा साक्षीदार आहे. गारुड म्हणजे सर्पविष उतरविण्याची विद्या. ती जाणणारा तो गारुडी. पुढे साप खेळविणाऱ्यास आणि हातचलाखी करणाऱ्यासही हेच नाव मिळाले. तेलुगूमध्ये जादूच्या खेळास ‘गारडी’ म्हणतात, तोही याच कुळातील शब्द होय. दख्खनी भाषेने त्यात उस्ताद आणि जमुरा ही जोडी आणली. चादर अंथरून बसलेला उस्ताद प्रश्न विचारतो, जमुरा उत्तर देतो, आणि प्रेक्षक त्या संवादात गुंतलेले असताना उस्तादाचे हात आपले काम उरकून घेतात. पाहणाऱ्यास ही निव्वळ करमणुकीची बडबड वाटते. प्रत्यक्षात खेळाचा निम्मा भाग तीच असते.

वाट्या आणि गोळ्यांचा खेळ तर जगभर आढळतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याचा उल्लेख केला आहे. केरळात हाच खेळ ‘चेप्पुम् पंदुम्’ या नावाने प्रसिद्ध असून वाळक्कुन्नम नंबुद्री यांनी त्यास मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. आपल्याकडील रस्त्यावरचा कलावंत हा खेळ चारही बाजूंनी माणसे उभी असताना, भर उन्हात, जमिनीवर बसून करतो. मागे पडदा नाही, समोर मेज नाही. पाश्चात्य जादूगारांनी भारतीय कलावंतांविषयी आदर व्यक्त केला, त्याचे एक मोठे कारण हेच होय.

याउलट जो खेळ भारताच्या नावावर सर्वांत अधिक गाजला तो दोरीचा खेळ होय. आकाशात उभी राहणारी दोरी आणि तिच्यावरून चढून अदृश्य होणारा मुलगा ही कथा सर्वांना ठाऊक असते. ती स्वतः पाहणारा मात्र सापडत नाही. १८९० मध्ये शिकागोच्या एका वृत्तपत्राने या खेळाची रसभरित हकीकत छापली आणि काही महिन्यांनी ती काल्पनिक असल्याचे मान्य केले. तथापि खुलासा मागे राहिला आणि कथा पुढे गेली. मद्रासच्या नेत्र रुग्णालयात दीर्घकाळ शस्त्रक्रिया केलेले कर्नल रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९३४ मध्ये लंडनच्या जादूगार मंडळाच्या वतीने हा खेळ उघड्यावर करून दाखविणाऱ्यास पाचशे गिनींचे पारितोषिक जाहीर केले. ते कोणासही मिळाले नाही. ऐकीव दोरीपेक्षा समोरच्या तीन वाट्या अधिक अभ्यसनीय आहेत, हे त्या नेत्रवैद्यास पटले असावे.

सिकंदराबादचा प्रेक्षक

पहिला प्रयोग कोणापुढे करावयाचा आहे, हे ठरविल्याशिवाय कोणता प्रयोग करावयाचा हे ठरविता येत नाही. या दृष्टीने सिकंदराबाद या नगराचे उदाहरण घेणे उपयुक्त ठरेल.

हुसेनसागराच्या उत्तरेस इंग्रजी फौजेची छावणी होती. १८०६ मध्ये निजाम सिकंदर जाह यांच्या नावावरून तिला सिकंदराबाद हे नाव मिळाले. मद्रासकडील पलटणींबरोबर तमिळ कुटुंबे आली. व्यापारानिमित्त मारवाडी, गुजराती व पारशी आले. तेलुगू आणि दख्खनी उर्दू या तर तेथील नित्याच्या भाषा. मराठी माणसाचा संबंधही जुना आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाड्याचे जिल्हे हैदराबाद राज्यातच होते आणि मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे जाणारा लोहमार्ग सिकंदराबादेसच पोहोचत असे. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना होऊन तिचे मुख्यालय येथे आले. सोलापूर विभाग १९७७ पर्यंत या रेल्वेत होता आणि नांदेड विभाग २००३ मध्ये तिच्यात निर्माण झाला. त्यामुळे रेल्वेच्या वसाहतींतून मराठी कुटुंबे वस्तीस आली.

अशा वसाहतीत गणेशोत्सवाच्या अथवा शाळेच्या कार्यक्रमात एखादा विद्यार्थी प्रथमच जादू दाखवावयास बसला, तर त्याच्यापुढील दहा मुलांत चार-पाच मातृभाषा असणे अगदी स्वाभाविक आहे. शब्दांवर विसंबलेला प्रयोग तेथे टिकत नाही. ‘तुम्ही मनात एक संख्या धरा, तिची दुप्पट करा, त्यातून सात वजा करा’ अशी सूचना एकास समजते, दुसरा शेजाऱ्यास विचारतो, आणि तेवढ्यात रंग जातो. उलट, मोडलेली काडी अखंड निघाली, मुठीतील नाणे नाहीसे झाले, कापलेला दोरा सांधला गेला, हे कोणत्याही भाषेविना कळते. सिकंदराबादच्या मिश्र प्रेक्षकासाठी केलेली ही निवड लातूर अथवा गडचिरोलीच्या मुलांसाठीही तितकीच चांगली आहे. कारण लहान मुलास लांबलचक सूचना स्वभाषेतही नीटशी कळत नाही. हैदराबादचे बी. व्ही. पट्टाभिराम यांनी जादूच्या आधारे तेलुगू भाषिकांत अंधश्रद्धेविरुद्ध प्रबोधन केले. त्यांच्यासारख्या अनुभवी वक्त्याच्या हाती शब्द हे मोठे साधन होते, हे खरे. परंतु ते साधन पहिल्या दिवशी कोणाच्या हाती नसते.

नजर बांधली जात नाही

‘नजरबंदी’ हा आपल्याकडील शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे. प्रेक्षकाची नजर कोणी बांधीत नाही. त्याचे डोळे उघडे असतात आणि समोरचे सर्व काही त्यांवर उमटत असते. फसते ते त्याचे लक्ष. ‘हात डोळ्यांपेक्षा जलद असतो’ ही समजूतही चुकीची आहे. हात कधीच डोळ्यांपेक्षा जलद नसतो. घाईने हलविलेला हात तर उलट लक्ष वेधून घेतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन ट्रिप्लेट यांनी १९०० मध्ये शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. मेजामागे बसून एक चेंडू दोनदा वर उडवावयाचा व झेलावयाचा. तिसऱ्या वेळी चेंडू गुपचूप मांडीवर सोडून द्यावयाचा आणि रिकामा हात तसाच वर न्यावयाचा. कित्येक मुलांनी तिसऱ्या वेळीही चेंडू वर जाताना पाहिला व तो अदृश्य झाला, असे सांगितले. २००६ मध्ये इंग्लंडमधील गुस्ताव कून व मायकेल लँड यांनी नेत्रहालचाली टिपणारे यंत्र लावून याच खेळाचा अभ्यास केला. जादूगाराने तिसऱ्या वेळीही मान वर करून चेंडूच्या काल्पनिक मार्गाकडे पाहिले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश प्रेक्षकांना चेंडू वर गेल्याचे भासले. त्याने आपल्या हाताकडे पाहिले, तेव्हा हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपास आले. प्रेक्षक जादूगाराचा चेहरा पाहून ठरवीत होते की चेंडू कोठे असावा.

नवख्या प्रयोगकर्त्याच्या अपयशाचे कारण येथे सापडते. ज्या हातात नाणे लपलेले आहे त्या हाताची त्याला काळजी वाटते, म्हणून तो नकळत त्याच हाताकडे पाहतो, आणि दहा मुलांची दृष्टी त्याच्या दृष्टीमागून तेथेच जाते. त्याला वाटते हात चुकला. हात बरोबर होता. डोळ्यांनी चुगली केली.

(सिकंदराबादेतच, बेगमपेठेच्या एका इमारतीत, रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूंचा माग लागला. त्यापूर्वी दीर्घकाळ ते ज्या जातीचे डास तपासीत होते, त्यांत ते जंतू वाढतच नव्हते. सूक्ष्मदर्शक उत्तम होता आणि पाहणाराही उत्तम होता, परंतु पाहण्याची जागा वेगळी होती. हातचलाखीच्या शिक्षकाने वर्गात हे उदाहरण अवश्य द्यावे.)

तीन प्रयोग पुरेत

पहिल्या बैठकीस सात-आठ मिनिटे आणि तीन प्रयोग पुरेसे आहेत. हौशी मुले पंधरा प्रयोग शिकतात आणि पंधराही अर्धवट करतात. पहिल्या दिवशी भीतीने बोटे कापतात, तळहातास घाम येतो, तोंड कोरडे पडते. ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया असून सुरुवातीची काही मिनिटे ती राहतेच. यास्तव आरंभीचा प्रयोग असा असावा की, बोटे कापत असली तरी तो बिघडू नये.

मोडलेल्या काडीचा प्रयोग या दृष्टीने उत्तम आहे. शिवून घेतलेल्या किनारीच्या जाड रुमालाच्या दुमडीत एक आगकाडी आधीच सरकवून ठेवावी. प्रेक्षकांपुढे दुसरी काडी रुमालाच्या मध्यभागी ठेवून रुमालाची टोके आत घ्यावीत. घडी घालताना किनारीतील काडी वर येईल असे पाहावे आणि कापडासकट तीच काडी प्रेक्षकाच्या हाती देऊन मोडावयास सांगावी. मोडल्याचा आवाज सर्वांना ऐकू येतो. नंतर रुमाल हळूच झटकला की अखंड काडी खाली पडते. येथे प्रयोगकर्त्याच्या बोटांना काहीच कौशल्य दाखवावयाचे नसते. काम प्रेक्षक करतो, कापणारे हात रुमालाखाली झाकलेले राहतात, आणि पहिला हशा-टाळी मिळून श्वास जागेवर येतो. प्रयोगानंतर रुमाल शांतपणे खिशात ठेवावा. तो पाहावयास मागितला जाण्यापूर्वी पुढचा प्रयोग सुरू झालेला असावा.

दुसरा प्रयोग नाणे नाहीसे करण्याचा. यास खरी मेहनत लागते, म्हणून त्याचा विस्तार थोडा अधिक करणे अवश्य आहे. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांवर नाणे ठेवून ते सर्वांना दाखवावे, डाव्या तळहातावर ओतल्याचा आविर्भाव करावा, डावी मूठ मिटावी; नाणे मात्र उजव्या हाताच्या किंचित वाकविलेल्या बोटांत राहू द्यावे. कृती एवढीच आहे. पण ती शिकविताना बहुतेक जण थेट खोटी कृती शिकवितात आणि तेथेच चुकतात. आधी नाणे खरोखर डाव्या हातात द्यावे. वीस वेळा, पन्नास वेळा द्यावे. देताना डावी मूठ कोणत्या क्षणी मिटते, उजवा हात रिकामा झाल्यावर कसा सैल पडतो, मान कोणीकडे वळते, हे बारकाईने पाहावे. त्यानंतर हुबेहूब तीच कृती, नाणे न देता करावयाची. नाणे मागे ठेवलेला उजवा हात ताठ होता कामा नये. त्याच्या तर्जनीने डाव्या मुठीकडे निर्देश करीत तो स्वाभाविकपणे खाली यावा. डोळे डाव्या मुठीवर असावेत, आणि केवळ डोळेच नव्हे, मनही तेथेच असावे. नाणे डाव्या मुठीत आहे असे प्रयोगकर्त्यास स्वतःला क्षणभर वाटले पाहिजे. मग मनातल्या मनात तीन अंक मोजावेत, मूठ चोळावी, आणि एकेक बोट उघडावे. घाईने उघडलेली मूठ प्रेक्षकास विचार करावयास लावते; थांबून उघडलेल्या मुठीपर्यंत नाणे दिल्याचा क्षण जुना झालेला असतो.

शेवटी दोऱ्याचा प्रयोग करावा. जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या शीतपेयनळ्यांवर देशभर बंदी असल्याने कागदी नळी घ्यावी, किंवा वर्तमानपत्राच्या कागदाची बारीक नळी चिकटवून करावी. नळीच्या मधोमध एका बाजूस दोन इंच लांब उभी चीर आधीच देऊन ठेवावी. नळीतून रंगीत दोरा ओवून दोन्ही टोके बाहेर लोंबू द्यावीत. चीर आतल्या बाजूस येईल अशी नळी मधोमध दुमडून घडीचे टोक वर धरावे व दोऱ्याची टोके खाली ओढावीत. मधला दोरा चिरेतून निसटून बोटांआड येतो. आता कात्रीने घडीच्या टोकाशी नळी कापली तरी दोरा सुरक्षित राहतो. कापलेले तुकडे बोटांत धरून दोरा सावकाश ओढून घ्यावा आणि प्रेक्षकाच्या हाती द्यावा. या प्रयोगात कात्री दिसते, कापल्याचा आवाज येतो आणि दोरा तपासता येतो, म्हणून समारोपास तो योग्य आहे. लहान मुलांनी बोथट टोकाची कात्री वापरावी.

वाट्या-गोळ्यांचा खेळ आकर्षक खरा. पण तो दुसऱ्या वर्षी घ्यावा. त्यात तीन गुप्त कृती एकामागून एक येतात आणि एक चुकली की पुढच्या दोन्ही कोसळतात.

सराव कसा करावा

दररोज वीस मिनिटे याप्रमाणे तीन आठवडे सराव केल्यास वरील तीन प्रयोग बसतात. पहिला आठवडा आरशापुढे घालवावा. आरशाचा एक तोटा मात्र लक्षात ठेवावा. गुप्त कृतीच्या क्षणी आपलीच फसवणूक पाहू नये म्हणून नवखा माणूस नकळत डोळे मिटतो, आणि ही पापणी लवण्याची सवय पुढे प्रेक्षकांपुढेही टिकते. यास्तव दुसऱ्या आठवड्यापासून आरसा सोडावा. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर खडूने दोन-तीन वर्तुळे काढून त्यांच्याशी बोलत सराव करावा. हल्ली बहुतेक घरांत भ्रमणध्वनी असतो. तो उंचावर, डावीकडे, उजवीकडे अशा तीन जागी ठेवून चित्रण केले तर नाणे कोणत्या बाजूने दिसते हे तत्काळ कळते.

तिसरा आठवडा माणसांचा. प्रथम घरातील एकाच व्यक्तीपुढे तिन्ही प्रयोग सलग करावेत. आजी अथवा धाकटा भाऊ असा प्रेक्षक उत्तम, कारण दोघेही स्पष्ट बोलतात. त्यांनी ‘काय दिसले’ हे सांगावे. ‘कसे वाटले’ हे विचारू नये, कारण आप्तांकडून त्याचे उत्तर नेहमी ‘छान’ असेच मिळते. नंतर तिघांपुढे करावे, नंतर पाच जणांपुढे. बोलावयाची वाक्ये लिहून पाठ करावीत. ती पाच-सात शब्दांची असावीत. पाठ केलेले बोलणे कृत्रिम वाटते ही भीती अनाठायी आहे. भीतीच्या क्षणी जे पाठ असते तेच तोंडातून बाहेर पडते.

प्रयोगाच्या दिवशी

बसण्याची व्यवस्था हा अर्धा प्रयोग असतो, तरीही तिचा विचार सर्वांत शेवटी केला जातो. प्रयोगकर्त्याच्या पाठीशी भिंत असावी, खिडकी बाजूस असावी. प्रेक्षक आठ ते दहा, अर्धवर्तुळात, पुढचे सतरंजीवर आणि मागचे बाकांवर असे बसवावेत. दोन्ही कडेची मुले प्रयोगकर्त्याच्या खांद्याच्या रेषेपुढे राहतील एवढी काळजी घ्यावी. खांद्यामागे बसलेल्यास वाकविलेली बोटे आतून दिसतात. सबंध वर्ग एकदम बसविण्याचा आग्रह मुख्याध्यापकांनी धरू नये. चाळीस मुलांना दाखवावयाचे असल्यास दहा-दहांच्या चार बैठका कराव्यात. प्रयोगकर्त्यास त्यामुळे एकाच दिवशी चार वेळा अनुभव मिळतो, आणि चौथी बैठक पहिलीपेक्षा निश्चित चांगली होते.

हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. घाम येत असल्यास बोटांना खडूची किंचित भुकटी लावावी. सुरुवातीपूर्वी श्वास दीर्घ सोडावा. बसल्यावर लगेच खेळ सुरू न करता समोरच्या मुलांकडे पाहावे, नाव सांगावे, आणि हे हाताचे कसब आहे, यात मंत्र नाही, हे एका वाक्यात स्पष्ट करावे. पुढे काय होणार आहे ते मात्र आधी सांगू नये. ‘आता मी हे नाणे नाहीसे करतो’ असे म्हटले की प्रेक्षक नाण्यावर पहारा देऊ लागतो. ‘हे नाणे पाहा, कोणत्या सालचे आहे?’ असे विचारले की तो साल पाहतो.

एकच प्रयोग त्याच प्रेक्षकांना पुन्हा दाखवू नये, हा नियम कितीही आग्रह झाला तरी मोडू नये.

नाणे हातातून निसटून खाली पडले तर काय करावे? ते उचलावे, पुन्हा दाखवावे, आणि पुढे चालू लागावे. दोन वेळा क्षमा मागणाऱ्याची चूक सर्वांच्या लक्षात राहते. एखादा चलाख मुलगा ‘दुसऱ्या हातात आहे!’ असे ओरडला, आणि ते खरे असले, तर हसून ते मान्य करावे, त्याला पुढे बोलावून शेवटच्या प्रयोगातील कात्री त्याच्या हाती द्यावी. कापण्याच्या कामात गुंतलेला मुलगा हेर राहत नाही. त्याला गप्प बसविण्याचा अथवा सर्वांपुढे त्याची खिल्ली उडविण्याचा मोह शिक्षकांनीही टाळावा. प्रेक्षकातील कोणास पुढे बोलाविताना त्याची संमती विचारावी. विशेषतः मुलींचा हात हातात घेऊन करावयाचे प्रयोग पहिल्या कार्यक्रमात नसावेत. फाटक्या सदऱ्याच्या मुलाच्या खिशातून नाणी काढून दाखविण्याचा विनोद जुना आहे, आणि वाईटही आहे. मागून घेतलेला रुपया ज्याचा त्यास सर्वांदेखत परत द्यावा.

रहस्य कोणते सांगावे, कोणते राखावे

प्रयोग संपताच ‘कसे केले ते सांगा’ अशी मागणी होते. या प्रश्नास दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि त्यांची गल्लत होऊ नये. करमणुकीसाठी केलेल्या जादूचे रहस्य राखण्यात काही गैर नाही. प्रेक्षकाचे आश्चर्य हाच तेथे हेतू असतो. परंतु जेथे तीच हातचलाखी दैवी शक्ती म्हणून खपविली जाते, हवेतून अंगारा काढला जातो, नारळातून फुले निघतात, तेथे रहस्य उघड करणे हेच काम ठरते. बी. प्रेमानंद (१९३०–२००९) यांनी देशभर हिंडून अशा चमत्कारांची प्रात्यक्षिके केली. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या आणि श्याम मानव यांच्या नेतृत्वाखालील अंधश्रद्धा निर्मूलन संघटनांच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून तेच केले. डॉ. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली; त्यानंतर त्याच वर्षी नरबळी व इतर अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांस प्रतिबंध करणारा अधिनियम महाराष्ट्रात संमत झाला. तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून पैसा मिळविणे, त्यांच्या प्रसाराने लोकांना फसविणे व धाक दाखविणे हा या कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षे कारावासाचा अपराध आहे. हातचलाखी आहे असे सांगून केलेल्या करमणुकीवर त्याचा रोख नाही. आरंभीच ते एक वाक्य उच्चारण्यास म्हणूनच महत्त्व आहे; खेडेगावात ते न उच्चारल्यास दुसऱ्या दिवशी हरवलेल्या बैलाचा ठाव विचारावयास कोणी दारी येणे अशक्य नाही.

शाळेत शिकवावयाचे प्रयोग पुस्तकांतून सर्वत्र प्रसिद्ध झालेले असावेत. वर दिलेले तिन्ही तसेच आहेत. टोपलीचा, आंब्याच्या रोपाचा अथवा रस्त्यावरील कलावंतांचा अन्य खानदानी खेळ कसा होतो याची चर्चा वर्गात करू नये. ती त्या कुटुंबांची मिळकत आहे, आणि ती मिळकत आधीच आकसलेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप बाळगणे बंद झाले. त्यामागील हेतू योग्य असला तरी गारुड्याच्या खेळातील गर्दी जमविणारा भाग त्यामुळे गेला. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत गाणे, नाच, भविष्यकथन यांबरोबर सार्वजनिक जागी खेळ करून पैसे घेणेही समाविष्ट झाले. आंध्र प्रदेशातही १९७७ मध्ये भिक्षाप्रतिबंधाचा कायदा करण्यात आला. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या कायद्यातील भीक मागण्यास अपराध ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. इतरत्र हा कलावंत भिकारी की कलाकार, हे बहुधा चौकातील शिपाई ठरवितो.

ज्या शाळेत मुलांनी तीन आठवडे सराव करून पहिली बैठक केली असेल, तिने पुढील महिन्यात अशा एखाद्या कलावंतास रीतसर बोलवावे. मानधन आधी ठरवावे, ते शाळेच्या हिशेबात लिहावे आणि खेळ संपताच मुख्याध्यापकांनी स्वहस्ते द्यावे. मुलांकडून चादरीवर नाणी टाकवून घेऊ नयेत. विज्ञान दिनाचा २८ फेब्रुवारी किंवा २० ऑगस्ट हे दिवस त्यास सोयीचे आहेत. कलावंतास मैदानाच्या मध्यभागी बसवावे आणि मुलांना चारही बाजूंनी बसू द्यावे. खेळ चालू असताना पाहणाऱ्या मुलांनी वाट्यांकडे न पाहता उस्तादाच्या डोळ्यांकडे पाहावे, एवढीच सूचना शिक्षकांनी आधी द्यावी, आणि खेळानंतर किती जणांना ती शेवटपर्यंत पाळता आली याची फळ्यावर नोंद करावी.